बिनशेअरचा सभासद

मार्च महिना लागला की आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजे घालतात. चाकांना नव्हे, आरशांना. चेअरमनसाहेबांच्या लांबलचक गाडीला ऑफिसचे काळे नायलॉनचे, बी विंगमधल्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीला नातवाचे कार्टून छापलेले आणि माझ्या गाडीला माझेच, अंगठ्याशी भोक पडलेले. "अहो, निदान धड तरी बांधा, लोक बघतात," असं घरातून सांगून झालं. पण धड मोजे माझ्या पायात हवेत की गाडीच्या कानात, या प्रश्नाचा निकाल आमच्या आर्थिक परिस्थितीने कधीच लावलेला आहे. नवा भाडेकरू आला की आठवडाभर हे सगळं बघतो आणि मग हळूच वॉचमनला विचारतो, "इथे काही नवसबिवस असतो का?" वॉचमन उत्तर देत नाही, नुसतं वर बोट करतो. डी विंगच्या गच्चीवर, डिशच्या टोकाला, एक काळापांढरा पक्षी शेपूट ताठ उभी करून बसलेला असतो.

"त्याचं आहे हे सगळं," वॉचमन म्हणतो.

हा दयाळ. लांबीला वीतभरही भरणार नाही, वजनाला चाळीस ग्रॅमच्या आसपास. नर वरून निळसर झाक मारणारा चकचकीत काळा, पोटाला पांढरा, पंखावर एक पांढरा पट्टा. मादीचा कपडा तोच, फक्त काळ्याच्या जागी राखाडी. एरवी हा अत्यंत सभ्य पक्षी. कुंड्यांच्या मागे, वाळक्या पाचोळ्यात किडेमकोडे, अळ्या, गांडुळं शोधत फिरेल, एखादी पाल सापडली तर तीही सोडणार नाही, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. विणीचा हंगाम आला की मात्र त्याच्या डोक्यात एकच कलम शिरतं : या हद्दीत दुसरा नर दिसता कामा नये.

आता आमच्या पार्किंगमध्ये गाड्या शंभराच्या आसपास आणि दर गाडीला आरसे दोन. तेव्हा दयाळाच्या दृष्टीने आमच्या सोसायटीत दोनशे घुसखोर राहतात, आणि एकही भाडेकरार केलेला नाही.

तो आरशावर येऊन बसतो. मान खाली घालून आत डोकावतो. आतला डोकावून वर बघतो. हा अंग फुगवतो, आतलाही फुगवतो. हा चोच आकाशाकडे करून शेपटीचा पंखा उघडतो, आतलाही उघडतो. मग चोचीने टकटक, पायांनी ओरबाडणं, पंखांची फडफड. दमला की वर बसून धापा टाकतो आणि थोड्या वेळाने 'गेला का एकदाचा?' म्हणून पुन्हा डोकावतो. गेलेला नसतो. मी एकदा अगदी जवळ जाऊन आरसा बघितला होता. काचेवर चोचीचे बारीक ओलसर ठिपके होते, सगळे एकाच उंचीवर, कारण आतल्याचं डोकं तेवढ्याच उंचीवर असतं. आरशाच्या सांध्यात एक काळं मऊ पीस अडकलं होतं. आणि दरवाज्यावर, हँडलपर्यंत, वरून खाली पांढऱ्या रेघा. लढाई कितीही तातडीची असो, तेवढ्यासाठी वेळ काढता येतो.

हे बघून हसणाऱ्यांत आमचे सी विंगचे काका पुढे असतात. त्याच काकांचा आणि त्यांच्या समोरच्या बिऱ्हाडाचा पार्किंगच्या एका जागेवरून बिल्डर असल्यापासूनचा वाद आहे. रोज सकाळी दोघं त्या जागेपाशी समोरासमोर येतात. एक छाती पुढे काढतो, दुसरा काढतो. एक हनुवटी वर करतो, दुसरा करतो. कुणी मागे हटत नाही आणि थोड्या वेळाने दोघंही दमून ऑफिसला जातात. तिथे आरसा नाही, एवढाच फरक.

आरशांचा बंदोबस्त करायचे प्रयोग पुष्कळ झाले. आधी पुठ्ठा लावला, तो पावसाच्या पहिल्या सरीत आरशाला कायमचा चिकटला. मग वर्तमानपत्र गुंडाळलं, ते वॉचमन वाचायला सोडून न्यायचा. मग प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. त्या वाऱ्याने रात्रभर फडफडायच्या आणि चोर आलेत म्हणून कुत्री भुंकायची. अखेर मोजा आला. मोज्याचा शोध नेमका कुणी लावला यावर आमच्याकडे दोन गट आहेत आणि दोघांकडेही साक्षीदार आहेत. ज्यांच्या गाडीचे आरसे कुलूप लावताच आपोआप मिटतात ते सद्गृहस्थ या सगळ्या प्रकाराकडे बघत किल्लीचं बटण गरज नसताना चारचारदा दाबतात.

मोज्यातला खरा धोका तो काढायला विसरण्यात आहे. सकाळच्या घाईत तसंच निघालं तर चौकातला पोलीस शिट्टी मारतो. "काका, गाडीला सर्दी झालीय का?" मी त्याला खरं कारण सांगितलं. नोकरीत त्याने कारणं पुष्कळ ऐकली असतील. हे ऐकल्यावर मात्र त्याने पलीकडच्या सहकाऱ्याला हाक मारून बोलावलं आणि मला म्हणाला, "आता यांना पहिल्यापासून सांगा." दंड घेतला नाही. त्याने मोजा तेवढा काढून हातात दिला, तोही दोन बोटांत धरून.

पार्किंग झाकल्यावर दयाळ काही घरी बसला नाही. तो दुचाक्यांच्या आरशांवर गेला, तिथून लॉबीच्या काचेवर, आणि शेवटी तळमजल्यावरच्या आजींच्या खिडकीवर. उन्हासाठी त्यांच्या मुलाने काचेला चकाकणारी फिल्म लावून दिली होती. पहाटेपासून टकटक, टकटक. आजींना ऐकू जरा कमी येतं. "अगं, ये की आत, दार उघडंच आहे," असं त्या आतून बरेच दिवस सांगत होत्या. शेवटी, कुणीतरी रोज येतं आणि चहा न घेता जातं, याचं त्यांना वाईट वाटायला लागलं.

हे झालं दिवसाचं. हद्दीचं काम खरं पहाटे चालतं.

साडेचार-पावणेपाचला, अजून दुधाची गाडी यायची असते, तेव्हा डिशवरून पहिली शीळ येते. गाणं म्हणून ऐकलं तर फार सुरेख. चढत जाणारी चारसहा स्वरांची एक लकेर, मग थोडा दम, मग दुसरीच लकेर. मध्येच तो बुलबुलचा एखादा तुकडा उचलतो, मध्येच कुणा तिसऱ्याचा. नकलेत तो पटाईत आहे. सी विंगच्या काकांचं म्हणणं असं, की त्याने दुधाच्या गाडीचा रिव्हर्स हॉर्नसुद्धा उचललाय. मला ते पटत नाही. दुधाची गाडी बेसूर वाजते. जागा बदलली की दयाळाच्या गाण्याची धाटणीही थोडी बदलते, शेजारी-शेजारी राहणाऱ्या नरांतही फरक ओळखू येतो, असं अभ्यासकांना आढळलंय. म्हणजे त्याला बोली आहे. आमचा पुण्यात राहतो, तेव्हा आपली तेवढी शुद्ध असं त्यालाही वाटत असणार.

ए विंगमध्ये गाण्याच्या क्लासच्या बाई आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की हा भैरव गातो. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी ललत म्हणून सांगितलं. त्यानंतर दोघंही रोज पहाटे आपापल्या खिडकीत उभे राहू लागले, आणि दयाळाने लकेर घेतली की "बघा, बघा" असं एकदम ओरडू लागले. पक्षी पाच वाजता उठवतो ही तक्रार पुढे आली, तेव्हा तक्रारीत मुळात ही दोन नावं होती. पक्ष्याचं नाव नंतर आलं.

तक्रार लेखी होती, 'पहाटेच्या गोंगाटाबाबत' असा विषय, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेत ती आली. गळक्या टाकीचा विषय अजेंड्यावर त्याच्या आधी होता, पण तो दरवर्षी असतो. तक्रारदार ई विंगमधले, रात्रपाळीचे, पहाटे साडेतीनला घरी येणारे. त्यांनी थेट कायदाच काढला. ध्वनिप्रदूषणाचे नियम, सन २००० चे. रात्री १० ते सकाळी ६ बंदी. सभा गंभीर झाली. मग न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले एक सभासद उठले.

"ती बंदी ध्वनिक्षेपकाला आहे. पक्षी ध्वनिक्षेपक वापरतो का?"

"नाही."

"मंडप घातलाय?"

"नाही."

"मग बसा."

तक्रारदार बसले नाहीत. त्याच नियमांत निवासी भागात रात्री आवाज ४५ डेसिबलपर्यंतच असावा असं आहे, ते मोजा, म्हणाले. कुणाच्या तरी मुलाच्या मोबाईलवर आवाज मोजायचं अ‍ॅप होतं. कसं चालतं ते दाखवायला म्हणून त्याने सभेतच लावलं, तर काटा ८५ वर जाऊन थरथरायला लागला. दिवसाची मर्यादा ५५ आहे. सेक्रेटरींनी घाईघाईने "ते बंद कर आधी" म्हटलं, आणि ही चाचणी इतिवृत्तात घेऊ नये असं ठरलं.

मग सूचना यायला लागल्या. एकाने सुचवलं, पकडून तळजाईच्या टेकडीवर सोडून येऊ. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. पकडणं गुन्हा, पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा. शिरस्तेदारांना कलमासाठी उठावंही लागलं नाही, बसूनच सांगितलं. आमच्याकडच्या एक काकू वाचनालयातून पक्ष्यांवरचं जाड पुस्तक घेऊनच आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की हा बांगलादेशचा राष्ट्रीय पक्षी आहे, तिथल्या दोन टाक्यांच्या जुन्या नोटेवर त्याचं चित्र होतं.

"मग तिकडे पाठवा," खजिनदार म्हणाले. नोट म्हटल्यावर ते प्रथमच जागे झाले होते.

काकू थांबल्या नाहीत. दयाळाला शास्त्रीय नाव १७५८ साली लिनिअसने दिलंय, पूर्वी तो कस्तुरांच्या कुळात मोजत, हल्लीच्या अभ्यासाने त्याला माशीमारांच्या कुळात घातलंय. "दत्तक गेलाय म्हणजे," मागून कुणी तरी म्हणालं. "नॉमिनेशन कुणाच्या नावावर आहे?" पुढचं मात्र त्यांनी जरा आवाज चढवून सांगितलं, आणि ते ऐकण्याजोगं होतं. गळा गोड असल्यामुळे इंडोनेशियात याला पकडून पिंजऱ्यात घालतात, गाण्याच्या स्पर्धा लावतात. सिंगापुरात एके काळी बागेबागेत दिसणारा हा पक्षी पकडापकडीपायी आणि साळुंक्यांच्या गर्दीपायी १९७० च्या दशकापर्यंत जवळजवळ दिसेनासा झाला. मग कायद्याने संरक्षण देऊन तो पुन्हा आणून सोडावा लागला. "तिथे माणसं याचं गाणं ऐकायला पैसे मोजतात, आणि आपण फुकट मिळतंय तर अर्ज करतोय." टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत ई विंगचे कुणी नव्हते.

शेवटी तोडगा म्हणून प्लॅस्टिकचं घुबड आणायचं ठरलं. घुबड बघितलं की पक्षी पळतात म्हणे. सोसायटीत पाचशे रुपयांवरच्या खरेदीला तीन कोटेशन लागतात, तेव्हा तीन दुकानांतून घुबडांची कोटेशन आली, सर्वांत स्वस्त नामंजूर करून मधलं मंजूर झालं, आणि ते डिशशेजारी तारेने बांधलं. पिवळे डोळे, मान हलणारी. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही गच्चीवर गेलो, तर दयाळ घुबडाच्या डोक्यावर बसून गात होता. डिशपेक्षा ते वीतभर उंच होतं आणि त्याला उंच जागाच हवी असते. त्या वर्षीच्या हिशेबपत्रकात 'घुबड (प्लॅस्टिक)' अशी एक नोंद आहे. लेखापरीक्षकांनी त्यावर घसारा किती टक्के धरायचा, असं विचारलंय.

याच सुमारास आमच्या खालच्या मजल्यावरच्यांच्या एका हौशी भाच्याने मोबाईलवर दयाळाचं गाणं लावलं. पुतळा फसला तर आता पाहुणा आणू, असा त्याचा विचार. गच्चीवर उभा राहून मोबाईल डोक्यावर धरला. दुसऱ्या क्षणाला दयाळ अंगावर आला. मोबाईल खाली पडला, पडल्यावरही गातच होता, आणि हा त्याच्याभोवती नाचत त्याला चोची मारत होता. काच आधीच फुटली होती, त्यामुळे त्याने फोडली असं म्हणता येत नाही. भाचा जिन्यात लपून आत्याला फोन करायला गेला, तेव्हा लक्षात आलं की फोन बाहेर आहे. हौशी पक्षी निरीक्षकांना जाणकार मंडळी एक गोष्ट कायम सांगतात : विणीच्या दिवसांत असं रेकॉर्डिंग लावू नका, पक्षी सगळी कामं टाकून नसलेल्या शत्रूशी लढत बसतो. भाच्याला हे आम्ही जिन्यात उभं राहून सांगितलं.

आता माझ्या घरापर्यंत आलो. मे महिन्यात पुण्यातही आता पारा चाळिशी गाठतो, म्हणून आम्ही कर्ज काढून एसी घेतला. पाइपासाठी बाहेरच्या भिंतीला भोक आधीच पाडून घेतलं होतं, सोसायटीची रीतसर एनओसी घेऊन. मिस्त्री आला, शिडी लावली, भोकात बोट घातलं आणि बोट घातलेलंच ठेवून म्हणाला, "साहेब, आत कुणी तरी आहे."

दयाळ घरटं उघड्यावर बांधत नाही. झाडाची ढोली, भिंतीतलं भोक, पडीक नळ, जिथे आत शिरून बसता येईल अशी जागा त्याला हवी असते. आमच्या पायपुसण्याचा काथ्या एका कोपऱ्यातून नाहीसा होत होता, तो उंदराने नेला म्हणून मी पिंजराही लावला होता. काथ्या, वाळकं गवत, मुळ्या, केसांचं एक बोंडकं, असं सगळं आत रचलेलं, आणि त्यावर हिरवट निळी, तपकिरी शिंतोड्यांची चार अंडी. टॉर्च लावून हे एकदाच बघितलं, कारण मादी भोकाच्या तोंडाशी येऊन असं काही फिस्कारली की मिस्त्री दोन पायऱ्या न मोजता खाली आला.

"दुसरं भोक पाडू का?" त्याने विचारलं. बाहेरच्या भिंतीला दुसरं भोक म्हणजे दुसरी एनओसी, म्हणजे कमिटीची बैठक, म्हणजे पुढचा उन्हाळा. एसीचं खोकं हॉलमध्येच राहिलं. त्यावर टेबलक्लॉथ घातला आणि आल्यागेल्याला चहा त्यावरच दिला. पाहुणे घाम पुसत म्हणायचे, "एसी का नाही घेत?" कप उचला, म्हणजे दिसेल, असं मी सांगायचो.

त्या महिन्यात घरात पंखा आणि वाद दोन्ही फुल स्पीडवर होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून भोक दिसतं, त्यामुळे आमच्या हिला सगळा संसार दिसायचा. काडी काडी मादीनेच आणली होती. अंडी तीच उबवत होती, एकटी. "आणि तो बघा," ही मला बोलावून दाखवायची, "वर बसून गातोय."

"तो हद्द सांभाळतो."

"कुणापासून? आरशापासून?"

खरं तर नराच्या बाजूने बोलण्यासारखं थोडं आहे. पिल्लं झाल्यावर तोही चोचीतून अळ्या आणतो. मादीपेक्षा कमी आणतो, पण आणतो. घरट्याकडे कावळा फिरकला की आधी तोच अंगावर जातो. मी हे सगळं पुस्तकात दाखवून सिद्ध केलं. ही म्हणाली, "कमी आणतो, हे छापलंयच का? मग पुस्तक बरं आहे." त्यानंतर घरातल्या कुठल्याही कामाच्या वेळी मी सोफ्यावर असलो, तर मुलं विचारतात, "बाबा, हद्द सांभाळताय का?"

उबवणीला दोन आठवड्यांच्या आतबाहेर, मग पिल्लं उडेपर्यंत जवळपास तेवढेच दिवस. म्हणजे एक महिना घामाचा. पिल्लं बाहेर पडली ती शनिवारी सकाळी, पार्किंगमध्ये, जेव्हा अख्खी सोसायटी गाड्या धूत असते. अंगावर तपकिरी खवले, शेपूट म्हणायला तेवढी. एक उडी मारून चेअरमनसाहेबांच्या चाकाखाली बसलं. त्यानंतर माणसांनी जे केलं त्यात माझाही हात होता. कुणी बुटाचं खोकं आणलं, कुणी कापूस, कुणी चमच्यात दूध. "पक्ष्याला दूध पाजतात का कुठे!" म्हणून काकू धावल्या. "मग काय, चहा?" असं कुणी तरी विचारलं. चेअरमनसाहेब गाडी न हलवता चाकाखाली वाकले आणि वरून दयाळ त्यांच्या टकलावर उतरला. तिथे पकडायला काही नसल्यामुळे घसरला, पुन्हा आला. मादी जास्वंदीवरून 'चर्र चर्र' असा शंख करत होती. सगळा समाज मदतीला गोळा झाल्यामुळे पिल्लाला जायला वाट राहिली नव्हती.

वॉचमनने मग सगळ्यांना मागे सारलं, पिल्लू ओंजळीत उचललं, जास्वंदीच्या आतल्या फांदीवर ठेवलं आणि म्हणाला, "आता घरी जावा." त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. पुढे वाचलं तेव्हा कळलं, की याहून वेगळं काही करायचंच नसतं. घरट्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू दोनचार दिवस असंच धडपडतं आणि आईबाप त्याला जिथे असेल तिथे चारतात. बुटाचं खोकं मला परत मिळालं नाही.

जुलैनंतर गाणं उतरत गेलं, गाड्यांनी मोजे उतरवले, आमचा एसी पावसात बसला. आणि ऑक्टोबरात कमिटीला उत्साह आला. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, बारा सालिम अलींच्या. 'आपल्या सोसायटीचा गायक : दयाळ' असा फ्लेक्स छापला. त्यावर दयाळ मध्यभागी, लहान, आणि भोवती कमिटीच्या नऊ जणांचे फोटो, मोठे. बाहेरून एक पक्षीतज्ज्ञ बोलावले. पोहे, चहा, दुर्बिणी. ई विंगचे रात्रपाळीवालेसुद्धा आले, शत्रू एकदा डोळ्यांनी बघून घ्यावा म्हणून.

आम्ही सगळे डी विंगच्या डिशकडे माना वर करून उभे राहिलो. डिशवर घुबड होतं. दुसरं कुणी नव्हतं. पोहे संपले. बाई म्हणाल्या, भैरवाची वेळ निघून गेली. मॅनेजर म्हणाले, ललतचीही. सेक्रेटरी तज्ज्ञांना सारखं सांगत होते, "आत्ताआत्तापर्यंत गात होता हो, आम्ही तक्रार केली होती, कागद आहे आमच्याकडे."

तज्ज्ञ शांतपणे म्हणाले, "तो आता गाणार नाही. हिवाळ्यात नुसता चर्र करतो, नाही तर एखादी बारीक शीळ. गाणं मार्चपासून." मग त्यांनी जास्वंदीखाली बोट दाखवलं. दयाळ तिथेच होता, आमच्या चपलांपासून चार हातांवर, पाचोळा उलटापालटा करत. तासभर नव्वद माणसं त्याच्या बाजूला पाठ करून उभी होती.

पुढच्या वर्षीपासून हा कार्यक्रम एप्रिलमध्ये घ्यावा, हा ठराव तिथेच मांडला गेला आणि एकमताने मंजूर झाला. पहाटे पावणेपाचची वेळ मात्र बहुसंख्य सभासदांना गैरसोयीची असल्यामुळे ती सकाळी साडेनऊ अशी ठरली आहे. प्रवेश विनामूल्य आहे, पण आमच्याकडे येऊ नका. व्हिजिटर पार्किंग भरलेलं असतं, शिवाय साडेनऊला तुम्हाला फक्त सेक्रेटरींचं प्रास्ताविक ऐकायला मिळेल. दयाळ मुंबईत आहे, कोकणात आहे, नागपुरातही आहे. थोडी झाडं आणि एखादं भोक असलेली भिंत एवढ्यावर त्याचं भागतं. मार्चनंतर पहाटे डोळे उघडलेच, तर आपल्या इमारतीवर सगळ्यांत उंच जे काही असेल तिथे बघा. आणि भिंतीतलं भोक बुजवायचं असेल, तर मिस्त्रीला ऑगस्टनंतरच बोलवा.